काका, "जुना वॉशर कुठंय?" हे तुम्ही विचारलंत म्हणून

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमची नात वाचून दाखवेल, आणि समोर येऊन बोलायला गेले की तुम्ही "अगं जाऊ दे, चहा टाक" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या दिवशी रंगपंचमी होती. इंदूरची रंगपंचमी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, सकाळपासून राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, अख्खं शहर रस्त्यावर आणि दुकानं बंद. शाळेला सुट्टी, म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करणारी माझी ईको व्हॅन दिवसभर उभी, म्हणून मी ठरवलं की आज ऑईल आपणच बदलायचं. ऑईल आणि फिल्टर आधीच आणून ठेवले होते, दुकानदाराने सांगितलं म्हणून ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं तेल सोडायला खालून काढतात त्या बोल्टचा, तांब्याचा नवा वॉशरही घेतला होता. दुपारी पाच मिनिटं इंजिन चालवून तेल कोमट केलं, गाडीखाली घोड्या लावल्या, बोल्ट काढला, काळं तेल टबात सोडलं, नवा वॉशर घातला, बोल्ट आवळला, नवीन तीन लीटर तेल भरलं. सगळं नीट झालं असंच मला वाटत होतं.

सातच्या सुमारास टॉर्च घेऊन खाली बघितलं तर बोल्टच्या डोक्यावर एक थेंब लोंबत होता. पुसला, परत आला. मी आवळलं, परत थेंब. पान्याला पाईप लावून अजून आवळायच्या बेतात होते आणि डोक्यात एकच, की सकाळी सहाला मुलं न्यायचीत, वार्षिक परीक्षेचे पेपर चालू आहेत आणि वॉशर घ्यायला एक दुकान उघडं नाही. आई धावत तुमच्या गल्लीत गेली.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता. आल्या आल्या तुम्ही माझ्या हातातला पाईप काढून बाजूला ठेवलात. "आवळून थांबायचं असतं तर एव्हाना थांबलं असतं बेटा. आटे गेले तर चेंबर उतरवावं लागेल." (चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेल साठतं ते भांडं.) आणि मग विचारलंत, "जुना वॉशर कुठंय?"

मला उत्तरच देता येईना. जुना वॉशर निघालाच नव्हता! बोल्ट काढला तेव्हा बोल्टवर काही नव्हतं, मला वाटलं आधीच्या गॅरेजवाल्याने घातलाच नसेल.

तुम्ही मला टब धुवून कोरडा करायला लावलात, कारण नवीन तेल वाया घालवायचं नाही, आणि बोल्ट परत माझ्याकडूनच उघडवलात. तेल निथळल्यावर म्हणालात, आता भोकाच्या कडेवरून नख फिरव. फिरवलं तर नख एका बारीकशा पायरीला अडलं. चेंबरचाच भाग वाटावा अशी तेलाने काळी पडलेली ॲल्युमिनियमची चकती तिथे चिकटून बसलेली! तिच्यावर जुन्या बोल्टचा गोल खड्डा होता आणि मी माझा नवा वॉशर त्या खड्ड्यावर बसवला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हळूच उचकटल्यावर ती टुप्पकन हातात पडली, हाच तो जुना वॉशर.

पण एव्हाना माझा तांब्याचा वॉशरही आवळून आवळून दबला होता. वॉशर दबतो तेव्हाच काम करतो, मऊ धातू बोल्ट आणि चेंबरमधल्या न दिसणाऱ्या ओरखड्यांत भरतो, पण एकदा दबला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा तसा भरत नाही, हे तुम्ही मला ओट्यापाशी उभं राहून समजावलंत. मग तारेत वॉशर ओवून गॅसवर धरलात आणि म्हणालात, "दिवा बंद कर, लाल झालेलं उजेडात कळत नाही."

त्या अंधारात वॉशर आधी निळसर, मग जांभळा आणि मग मंद लाल झालेला मी पाहिला, आणि तुम्ही तो पाण्याच्या वाटीत सोडलात, चर्रर्र झालं, वरचा काळा पापुद्रा सुटून वाटीत तरंगला. मी विचारलं की पाण्यात टाकल्याने कडक नाही का होणार. तुम्ही म्हणालात पोलाद होतं, तांबं नाही, तांबट लोक भांडं ठोकता ठोकता मधेच भट्टीत घालतात ते याच्याचसाठी. तो ॲल्युमिनियमवाला मात्र गॅसवर धरायचा नाही, तो लाल न दिसताच वितळून जाईल. (नंतर मी शोधून वाचलं, तांबं १०८५ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला.) मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू मी घासल्या, कडा पुसली, बोल्ट आधी हाताने बसवला आणि मग पाना. "मनगटाने आवळ, खांद्याने नाही."

तेल मलमलीतून गाळून परत भरलं, इंजिन चालवून बंद केलं, डिपस्टिक बघितली, गाडीखाली नईदुनिया पेपरचं पान पसरलं. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागेल म्हणून वाट बघू नकोस, तो प्रेशर पडल्यावर लागतो, तोवर उशीर झालेला असतो, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

पहाटे पाचला मी पान बाहेर ओढलं, कोरडं. सगळी मुलं वेळेवर पेपरला बसली.

काका, तुम्ही रोडवेजच्या डेपोत वर्षानुवर्षं फिटर होतात, तुम्ही स्वतः खाली शिरला असता तर पंधरा मिनिटांत काम झालं असतं. तुम्ही दीड तास लोकमान्य नगरच्या त्या अंधाऱ्या गल्लीत पाटावर बसून टॉर्च धरलीत आणि प्रत्येक गोष्ट माझ्या हाताने करवून घेतलीत. वडील गेल्यापासून गाडीतलं असं कुणी मला शिकवलं नव्हतं. मनापासून आभार.

नवीन वॉशर चार आणून गाडीत ठेवलेत, दोन तुमच्यासाठीही घेतलेत. तुमची टॉर्च माझ्याकडेच राहिलीय, रविवारी घेऊन येते, आणि आईने सांगितलंय की त्या दिवशी तुम्ही आणि काकूंनी जेवायला आमच्याकडेच यायचं.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली व्हॅनवाली