रुग्णवाहिकेत मागे बसणाऱ्याला आधी शिकवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष सराव सक्तीचा करणेबाबत.

महोदय,

राज्यात १०८ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर रुग्णांसाठी जादा साधने असलेल्या होत्या, बाकीच्या बेसिक, म्हणजे प्राथमिक उपचारांच्या. गाड्या किती आणि कुठे उभ्या, यावर भरपूर बोलले जाते. गाडीत रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या टेक्निशियनला काय येते, हा प्रश्न मात्र मागेच पडतो. आम्ही मुंबईत हेच काम शिकवतो, म्हणून हे पत्र.

अँबू बॅगचेच घ्या, म्हणजे तोंडावर मास्क बसवून हाताने पिळत श्वास देण्याच्या पिशवीचे. मोठ्या माणसासाठीची बॅग साधारण दीड लिटरची असते. रुग्णाची छाती उचलली जायला ५०० ते ६०० मिलीलिटर हवा पुरते, म्हणजे बॅग पूर्ण पिळायचीच नसते. नाडी आहे पण श्वास नाही, अशा प्रौढ रुग्णाला सहा सेकंदांतून एकदा, सेकंदभर दाबून हवा द्यायची. घाबरलेला नवशिका ती दर दोन सेकंदांनी पिळत सुटतो. जादा हवा पोटात जाते, पोट फुगते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्तही कमी होते. त्यात मास्क नीट बसलेला नसला तर निम्मी हवा बाजूनेच निघून जाते. जबडा उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. नवखा हात मास्कच तोंडावर दाबतो, आणि श्वासमार्ग आणखी बंद होतो. दोघे असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने बॅग दाबावी, हा सरळ नियम. पण हे पुस्तक वाचून हाताला येत नाही. सरावाच्या एका पुतळ्याभोवती तीस-चाळीस मुले उभी केली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतात.

सीपीआरचेही, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबत राहण्याचेही, तेच. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, हे परीक्षेत सगळेच लिहितात. प्रत्यक्षात दोन मिनिटांत हात थकतात, खोली कमी होते आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दाबाची खोली दाखवणारा पुतळा प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात हवा. साध्या पुतळ्यावर चुकीची सवयच पक्की होते.

त्यात मुंबईच्या अडचणी वेगळ्या. चाळीच्या अरुंद जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकते, कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये ते आडवे मावत नाही. अशा वेळी छातीत दुखणाऱ्या रुग्णाला ‘हळूहळू चालत उतरा’ सांगणे म्हणजे आधीच दमलेल्या हृदयावर आणखी भार टाकणे. त्याला स्टेअर चेअरवर, म्हणजे जिन्यावरून रुग्ण उतरवण्याच्या खुर्चीवर, पट्टे बांधूनच खाली आणायचे, आणि ते खऱ्या जिन्यावर शिकवायचे. रेल्वे अपघातात पाय तुटला असेल तर टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटरवर, सांधा टाळून बांधायचा, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ लिहून ठेवायची आणि वाटेत सैल करायचा नाही. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. भाग थेट बर्फात टाकला तर पेशी गोठून मरतात आणि तो पुन्हा जोडण्याची आशा मावळते.

ऑक्सिजनचा हिशोबही शिकवावा लागतो. बी टाइप या आकाराच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला १५ लिटरने तो १०० मिनिटे चालेल, निम्मा असेल तर ५०. घोडबंदरला गाडी कोंडीत अडकली, की हा फरक जिवावर बेततो. गाडी निघण्यापूर्वीच सिलिंडर किती भरला आहे ते दाखवणारे गेज बघायचे असते.

१०८वर डॉक्टर असतोच, मग टेक्निशियन कशाला, असे कोणी विचारेल. जिन्यावर, रुळांवर आणि धावत्या गाडीत दोन तयार माणसे लागतात, एकाने भागत नाही.

अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे डॉक्टरांना साथ देणाऱ्या तंत्रज्ञ वगैरे आरोग्य व्यवसायांचा, केंद्रीय कायदा २०२१ साली झाला. त्यात या व्यवसायाची नोंद आहे आणि अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तासांच्या शिक्षणाची अट आहे. हे तास वर्गात बसून भरू नयेत. सायन, केईएम, कूपरसारख्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत पाळ्या लावाव्यात, त्यानंतर अनुभवी टेक्निशियनच्या हाताखाली रुग्णवाहिकेवर काम द्यावे, आणि प्रत्येक कौशल्य नोंदवहीत तपासणाऱ्याच्या सहीनिशी नोंदले जावे. परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने प्रात्यक्षिकावर घ्यावी. दर दोन वर्षांनी ती पुन्हा व्हावी, कारण सीपीआरची सवय काही महिन्यांतच ढिली पडते. एवढे शिकलेल्या माणसाला कंत्राटी, तुटपुंज्या पगारावर ठेवले तर तो टिकणार नाही. त्याचे पद आणि वेतनश्रेणी ठरलीच पाहिजे.

मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयापासून सुरुवात करता येईल. सरावाची नोंदवही आणि प्रात्यक्षिकाचे गुणपत्रक आम्ही तयार करून देऊ. आपल्या विभागाने पालिकेच्या आरोग्य खात्यासह याबाबत बैठक लावावी, ही विनंती.

आपले,
आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे प्रशिक्षक, मुंबई