'किल' म्हणजे चर्चच असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या आयर्लंडवरच्या लेखात 'किल'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक गावाच्या नावात चर्च दडलेलं असतं, असं ठोकून दिलं आहे. मी काही वर्षं काउंटी गॉलवेतल्या एका खेड्यात राहतो, म्हणून हे पत्र.

किलकेनीत चर्च आहे खरं, संत कॅनिसचं. पण आयरिशमध्ये 'किल' म्हणजे चर्च आणि 'क्विल' म्हणजे रान. इंग्रजी कानाला दोन्ही एकच वाटले. त्यामुळे किलमोर नावाची काही गावं 'मोठं चर्च', तर काही 'मोठं रान'. पर्यटक मठ पाहायला जातात त्या कायलमोरच्या नावातही रानच आहे. मठ तिथे आला १९२० साली!

नुसता नकाशा वाचून अर्थ लावला की असंच होतं. १८२४मध्ये इथे ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे नकाशांसाठीची सरकारी मोजणी, सुरू झाली. जॉन ओ'डोनोव्हन हा आयरिशचा पंडित पॅरिशमागून पॅरिश (चर्चच्या हद्दीतला मुलूख) हिंडला आणि गावकऱ्यांच्या तोंडची मूळ रूपं टिपत गेला. नकाशावर इंग्रजी वळणाचं नाव छापलं गेलं, खरं धन त्या नोंदींत राहिलं. साठ हजारांहून अधिक टाऊनलँडांची (आपल्या वाड्याच म्हणा) नावं आता सरकारच्या स्थाननाम शाखेने आणि डब्लिन सिटी विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवली आहेत.

राहिली ती शेतांची नावं. ती बहुतेक नकाशांत नाहीत. आमच्या पॅरिशमधले काही जण ती फोनवर ध्वनिमुद्रित करताहेत, मीही त्यांच्या मागे हिंडतो. शेजारचे ऐंशीच्या घरातले शेतकरी फाटकावर हात टेकून एका उताराला 'गॅरी अन टोबर' म्हणाले. म्हणजे विहिरीचं शेत. विहिरीवर कधीच काँक्रीट पडलंय. त्यांचा मुलगा त्यालाच 'शेडमागचं शेत' म्हणतो. मला आमच्या घरचा 'बावीकडलो कुणगो', म्हणजे विहिरीकडचा शेताचा तुकडा, आठवला.

गाव आडनावात जपायची सवय आपल्याला आहेच. वराडवरून वराडकर, हे तर माजी पंतप्रधान लिओ वराडकरांमुळे इथल्यांनाही ठाऊक झालंय. पण कुणग्याचं नाव आडनावात येत नाही, सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो.

नाव जसं बोलतात तसंच टिपावं, हे इथे शिकलो. आयरिशमध्ये घोड्याला 'कापल' म्हणतात, पण 'घोड्यांचं शेत' म्हणताना 'गोर्ट न गापल'. लिहिताना तो क तसाच राहतो, त्याच्या आधी ग लागतो आणि कानाला ग एवढाच येतो. म्हणून कागदापेक्षा आवाज आधी.

त्या शेजारच्या शेतकऱ्यांच्या अकरा शेतांपैकी सातांची नावं टिपून झाली आहेत. सध्या मेंढ्या व्यायला आल्यात, त्यांना सवड नाही. उरलेली चार मे महिन्यात.

आपला,
एक वाचक
काउंटी गॉलवे, आयर्लंड (मूळ गाव : ता. मालवण)