खोबरेलाची वाटी बाजूला ठेवायला लावणाऱ्या नानांना

तीर्थस्वरूप नाना,
सा. न. वि. वि.

तुमच्या हातात पाकीट ठेवलं की ते तुम्ही परत माझ्याच पिशवीत टाकता. तोंडावर आभार मानले तर "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा फोन बटणांचा, पण नात वाचून दाखवेल, आणि तेव्हा तुम्हाला चहाचं निमित्त काढता येणार नाही.

'व्रणोपचारक' हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात 31 वर्षं तुम्ही त्याच पदावर होतात. "डॉक्टर टाके घालणार, पुढचे पंधरा दिवस बैल माझा," असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मनात म्हटलं, बैलांवर हात बसलेला माणूस माझ्या 92 ग्रॅमच्या मोगरीला कसा धरणार? तो प्रश्न मनात ठेवला हे बरं झालं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मोगरी आमची कॉकाटील, म्हणजे तुरा असलेला छोटा परदेशी पोपट. (आमचे वॉचमनकाका तिला 'कॉकटेल' म्हणतात आणि आता आम्हीही दुरुस्त करत नाही.) रंग फिकट पिवळा, गालावर केशरी टिकली, डोळे लाल. नाशिकची थंडी जानेवारीत ऐन भरात होती. माझे स्वतःचे ओठ फुटलेले, त्यात मोगरी सारखी खाजवतेय, पिंजऱ्याखाली पांढरी भुकटी पडतेय, तुऱ्यामागे टक्कल दिसतंय, पायांवर खवले सुटलेत. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, अंग कोरडं पडलंय, खोबरेल चोळा. मलाही पटलं. आपल्याकडे कशाला खोबरेल चालत नाही? दोन दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी पिसं ओल्या काड्यांसारखी एकमेकांना चिकटलेली आणि मोगरी कोपऱ्यात थरथरतेय.

बुटांच्या खोक्यात घालून तिला तुमच्याकडे आणलं, तर झाकण उघडायच्या आधीच तुमचा प्रश्न: "हिरवा पोपट नाही ना?" मग तुम्हीच सांगितलंत की आपला रानातला पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तरीही दर महिन्याला कुणीतरी पंख छाटलेला पोपट घेऊन तुमच्या दारात उभा राहतो.

नंतरचं मला जसंच्या तसं आठवतं. तुम्ही मोगरीची मान दोन बोटांच्या बेचक्यात धरलीत, पाठ तळहातावर, आणि छाती पूर्ण मोकळी. मी रुमालात घट्ट गुंडाळायला निघाले होते. "पाखराला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड हललं तरच श्वास. छाती आवळलीस की संपलं." मग तेल न लागलेल्या जागी, पोटावर, हळूच फुंकर घातलीत. पिसं दुभंगली आणि खाली कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, गुलाबी कातडी दिसली. धडधड त्या कातडीवरूनच दिसत होती. तीन वर्षं ती माझ्या खांद्यावर बसतेय, पण तिची कातडी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

नाना, त्या अर्ध्या तासात तुम्ही माझे निम्मे आजार खोडून टाकलेत. तुऱ्यामागचं टक्कल जन्माचं, या पिवळ्या जातीत ते असतंच. पांढरी भुकटी म्हणजे कोंडा नव्हे, कॉकाटीलच्या अंगची पावडर; ती पडते म्हणजे पाखरू ठीक आहे. मानेवरचे पापुद्रे नव्या पिसांची गवसणी सुटतेय त्याचे. आणि तेल? "ते ती शेपटीच्या बुडाशी स्वतःच घेऊन फिरते. चोचीने काढते, पिसांना लावते. तुझं खोबरेल लागलं की पिसांमधली हवा गेली, आणि हवा गेली की ऊब गेली. वर चाटून पोटात जाईल ते वेगळंच."

कोमट पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, दोनदा धुणं, मग साधं पाणी, टॉवेल, आणि खोक्याच्या एकाच बाजूला पिवळा बल्ब, म्हणजे उकडलं तर तिला दुसरीकडे सरकता यावं. हे सगळं तुम्ही केलंत. माझी एकटीने करायची आजही हिंमत नाही.

खरी कोरडी होती ती पायांची कातडी, आणि त्याचं कारण तुम्ही पिंजऱ्याच्या वाटीत शोधलंत: राळे, बाजरी, सूर्यफूल. नुसतं धान्य खाणाऱ्या पाखराला अ जीवनसत्त्व पुरत नाही, मग कातडी जाड आणि खरखरीत होते. औषध म्हणून तुम्ही लिहून दिलंत काय, तर शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, आणि रोज सकाळी ओली कोथिंबीर. कोथिंबीर खायची असेल म्हणून मी चिरून ठेवली, तर तुम्ही हसलात. अख्खी जुडी पाण्यातून काढून तशीच टांगायची होती! दुसऱ्या दिवशी मोगरी त्या ओल्या पानांत डोकं खुपसून, पंख पसरून अशी काही लोळली की ओट्यापर्यंत शिंतोडे उडाले. दिवाळीपासून थंडी म्हणून मी तिला आंघोळच घातली नव्हती. ऊन असताना आंघोळ आणि संध्याकाळच्या आत अंग सुकलेलं, एवढाच तुमचा नियम.

कोरफडीला तुम्ही परवानगी दिलीत, पण अटी घालून. पान कापून पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, पिवळा कडू चीक गळून जाऊ द्यायचा, कारण तो पोटात गेला तर जुलाब. मग आतला पांढरा गर, तोही फक्त पायांच्या खवल्यांवर, लागला न लागला इतका. आणि पिंजऱ्यातली तिची बसायची, सँडपेपर गुंडाळलेली दांडी काढून तुमच्या परसातल्या पेरूची वेडीवाकडी फांदी लावली. तळव्यांचे लाल डाग तीन आठवड्यांत गेले. मला वाटतं, सगळ्यात जास्त काम त्या फांदीनेच केलं.

आता त्या रात्रीबद्दल. फेब्रुवारीत रात्री दोनला लाईट गेली, खिडकीवर काहीतरी आपटलं, आणि मोगरी अंधारात पिंजऱ्यावर धडका देऊ लागली. टॉर्च लावला तर भिंतीवर रक्त. पंखातलं वाढतं पीस मोडलं होतं, ज्याच्या नळीत रक्त असतं ते. तुम्ही दुसऱ्या रिंगला फोन उचललात. सासूबाई हळदीचा डबा घेऊन उभ्या, मी घाबरलेली, आणि तुमचा आवाज भाजी आणायला सांगावी तसा: "हळद नको, भुकटी नाकात जाईल आणि कसली भेसळ असेल देव जाणे. कॉर्नफ्लॉवर आहे? चिमूटभर पिसाच्या टोकाला लाव आणि दाबून धर. घड्याळ बघ." शंभर ग्रॅमच्या पाखरात रक्त सुमारे दहा मिली, त्यातलं एक मिली, म्हणजे ड्रॉपरचे वीस थेंब, याच्या पुढे धोका, हे तुम्ही पूर्वी सांगितलेलं मला आठवत होतं. मी भिंतीवरचे थेंब मोजत बसले होते. चौथ्या मिनिटाला रक्त थांबलं. थांबलं नसतं तर पीस उपटायचं काम डॉक्टरांचं, आपलं नाही, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत.

सकाळी खरचटलेल्या जागेसाठी मेडिकलमधून सलाइनची बाटली आणायला सांगितलीत, "एनएस लिहिलेली, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी; डीएनएस नको, त्यात साखर." त्याने धुवायचं, मग बीटाडिन इतकं पातळ की बिनदुधाच्या फिक्या चहासारखं दिसावं. डेटॉल नाही, पेरॉक्साइड नाही, टी ट्री तेल नाही, बधिर करणारी मलमं तर अजिबात नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "हे काय औषध, सगळं नाही-नाहीच!" तुम्ही म्हणालात, "वहिनी, एवढ्याशा जिवाला तेवढंच झेपतं." आता सासूबाईच शेजारणीला हे ऐकवतात.

शेजारणीच्या लव्हबर्डचंही इथेच लिहिते (आहे बजरीगर, पण आपल्याकडे सगळे लव्हबर्डच). त्याच्या चोचीवर मधमाशांच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं कवच आलं होतं. मी मोठ्या ऐटीत कोरफड घेऊन गेले. तुम्ही लांबूनच पाहून म्हणालात, "ही कोरडी कातडी नाही, किडे आहेत. डॉक्टरांकडे." डॉक्टरांनी माइट्सच सांगितल्या आणि औषधाचे थेंब दिले. मांजराच्या नखाचंही तसंच. ओरखडा केवढाही असो, घरात धुवत बसायचं नाही, त्याच दिवशी अँटिबायोटिक, नाहीतर पाखरू एक-दोन दिवसांत जातं. हे सांगताना मात्र तुमचा आवाज भाजी आणण्याचा नसतो. कधीतरी कुणीतरी उशिरा आलं असणार.

मोगरी आज सकाळी 96 ग्रॅम भरली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. मोडलेल्या पिसाच्या जागी नवीन आलंय, जरा जास्तच पिवळं.

तुमची,
मोगरीची आई

ता. क. रविवारी शेवग्याच्या शेंगा पाठवते. पाला ठेवून घेतलाय, तो मागू नका. तुमचा काचेचा ड्रॉपर अजून माझ्याकडेच आहे.