चि. मनूस, राज्यसभेत दुभाषी म्हणून रुजू होताना

डोंबिवली,
१८ नोव्हेंबर

चि. मनू हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कल्याण स्थानकावर राजधानी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबते, आणि तेवढ्या वेळात भांडण उरकून घेणारी माणसे आपल्याच घरात जन्माला येतात. गाडी हलता हलता तू म्हणालीस, "बाबा, लोकसभा मिळाली असती तर गोष्ट वेगळी होती, राज्यसभा म्हणजे निवडणूक हरलेल्यांची सोय." त्यावरचे उत्तर मला सुचले ते परत येताना, पादचारी पुलाच्या शेवटच्या पायरीवर, म्हणून हे पत्र. यात तेवढेच लिहायचे, तुझ्या दम्याच्या पंपाचा विषय काढायचा नाही, असे तुझ्या आईला कबूल केले आहे.

तुझे म्हणणे अगदीच खोटे नाही. पडलेल्या माणसाला मागच्या दाराने आत घेण्याची रीत सर्वच पक्षांना आहे, आणि उमेदवार त्याच राज्यातला मतदार असला पाहिजे ही अट २००३ साली काढून टाकल्यापासून ते दार आणखी रुंद झाले. पण हरलेल्यांची यादी करायचीच असेल, तर पहिल्या ओळीत डॉ. आंबेडकरांचे नाव घालावे लागेल. १९५२ साली ते उत्तर मुंबईतून लोकसभेला पडले, १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले, आणि या सगळ्या काळात, थेट १९५६ च्या डिसेंबरपर्यंत, ते राज्यसभेचे सदस्य होते. धर्मशास्त्राचे इतिहासकार महामहोपाध्याय काणे आणि नाटककार मामा वरेरकर हे दोघेही राष्ट्रपतींच्या नियुक्तीने तिथे गेले. ते दोघे मते मागत दारोदार हिंडत आहेत असे चित्र मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही. तू ज्या सभागृहाला दुय्यम म्हणतेस, त्याच्या कामकाजात ही माणसे बोललेली आहेत.

लोकसभेत ५४३ जण थेट लोकांनी निवडून दिलेले असतात आणि राज्यसभेत २४५, त्यांपैकी २३३ जणांना राज्यांचे आमदार निवडतात व १२ जणांची नियुक्ती होते, हे तुला मुलाखतीपूर्वी मीच घोकून घ्यायला लावले होते. महाराष्ट्राचे तिथे ४८ आणि इथे १९, गोव्याचे तिथे २ आणि इथे १. परंतु आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की लोकसभा विसर्जित होते आणि राज्यसभा कधीच होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे देशात एखाद्या वर्षी कितीही मोठी लाट आली तरी हे सभागृह एका रात्रीत बदलत नाही. घटना समितीत गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडताना, क्षणिक आवेगातून होणारा कायदा जरा थोपवून धरावा, हेच कारण पुढे केले होते. ज्याला तू संथपणा म्हणतेस, तो तिथे मुद्दाम ठेवलेला आहे.

मी विधान परिषदेत प्रतिवेदक, म्हणजे सभागृहातली भाषणे शब्दशः टिपून घेणारा, म्हणून नोकरीला लागलो तेव्हा आमचे वरिष्ठ नवशिक्यांना १९७० ची हकिकत हटकून सांगत. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर केले आणि तीन दिवसांनी, ५ सप्टेंबरला, ते राज्यसभेत आले. बाजूने १४९ मते पडली, विरोधात ७५. एकूण २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश. मताचा तेवढा तुकडा कमी पडला म्हणून विधेयक पडले. तनखे पुढे १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने गेलेच, आणि ते गेले हे माझ्या मते योग्यच झाले, पण घटनादुरुस्तीला संयुक्त बैठकीची पळवाट नसल्यामुळे सरकारला पुन्हा सगळी वाट चालावी लागली. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचे जमले नाही तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात आणि तिथे लोकसभेचे संख्याबळ भारी पडते. असे आजवर तीनदाच झाले: १९६१ साली हुंडाबंदीच्या, १९७८ साली बँक सेवा आयोगाच्या आणि २००२ साली दहशतवादविरोधी विधेयकावर.

धन विधेयकाच्या, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाच्या, बाबतीत मात्र मला तुझ्या बाजूने बोलावे लागेल. लोकसभेच्या अध्यक्षांनी एखाद्या विधेयकावर तसा दाखला दिला, की राज्यसभेच्या हाती फक्त १४ दिवस आणि शिफारशी उरतात, त्याही लोकसभेने मानल्याच पाहिजेत असे नाही. २०१६ च्या मार्चमध्ये आधारचे विधेयक असेच आले. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्याच दिवशी पाचही नाकारल्या. अशा दिवशी तुझे सभागृह हात बांधून बसलेले दिसेल आणि तुला बाबांचे हे पत्र आठवून हसू येईल. खुशाल हस, पण हसताना खोकल्याची ढास लागणार नाही एवढे पाहा.

आला बघ विषय. आता आलाच आहे तर लिहितो. हिवाळी अधिवेशन भरते नेमके दिल्लीची हवा सर्वांत वाईट असते तेव्हा. राज्यसभेत सकाळी ११ वाजता शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याची वेळ, असतो आणि प्रश्नोत्तराचा तास १२ ला, लोकसभेच्या उलट. शून्य प्रहरात प्रत्येकाला तीनच मिनिटे मिळतात आणि ती संपली की माइक बंद होतो, त्यामुळे आपल्याकडचा एखादा सदस्य मराठीत बोलायला उठला तर तो श्वास न घेता बोलणार, आणि काचेच्या खोलीतून त्याच्यामागे धावायचे तू. मी कागदावर धावत होतो. हात दुखला तर दुखला. तुला छातीने धावायचे आहे. शेजारी जोडीदार बसलेला असतो तो त्यासाठीच. त्याला खूण करावी, माइक त्याच्याकडे द्यावा आणि पंप घ्यावा. यात कसलाही कमीपणा नाही. कमीपणा मानण्याची ही सवय तू कुणाकडून उचललीस हे मला ठाऊक आहे, म्हणून तर भीती वाटते.

तू सात वर्षांची होतीस. मी दर डिसेंबरप्रमाणे नागपूरला होतो आणि विधान परिषदेचे कामकाज रात्री उशिरापर्यंत चालले होते. माझी पाळी सुरू असताना शिपायाने घडी घातलेली चिठ्ठी वहीशेजारी ठेवली. वर "घरून फोन" एवढे दिसत होते. मी ती उघडली नाही. पाळी संपली, बाहेर आलो, आणि मग वाचले की तुला जोशीकाकूंनी रिक्षातून दवाखान्यात नेले आहे. त्या रात्रीच्या माझ्या प्रतिवेदनात एकही चूक निघाली नाही. तुझ्या आईने याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारले नाही, आणि मीही हे आजवर कुणाला सांगितले नव्हते.

उपदेश करायचा नाही म्हणता म्हणता पानभर झाला, त्याबद्दल क्षमा कर. तू तिथे पोहोचलीस याचा मला किती अभिमान आहे हे आत्याला विचार. तिने परवा वैतागून फोनच ठेवला. २०१० च्या ९ मार्चला राज्यसभेने महिला आरक्षणाचे विधेयक मंजूर केले, ती रात्रीची बातमी तू आईच्या मांडीवर डोके ठेवून ऐकली होतीस. पुढे लोकसभेकडे पडून राहिलेले ते विधेयक २०१४ साली तिच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नवे विधेयक मंजूर झाले तेव्हा तूच मला हाका मारून टीव्हीसमोर बसवलेस. आता त्याच लाल गालिच्याच्या सभागृहात तुझी खुर्ची असणार.

पहिल्या पगारातून माईंच्या फोटोसाठी चौकट घ्यायची असे तू म्हणालीस, ती घेऊ नकोस. हवा शुद्ध करायचे यंत्र घे. माईंना तेच आवडले असते, त्यांना काय सोसावे लागले ते तू पाहिले आहेस.

तुझे,
बाबा

ता. क. निळा पंप हार्मोनियमच्या पेटीमागे सापडला, म्हणजे तू एकच घेऊन गेली आहेस. आईने त्याच्याबरोबर आलेपाकाचा डबा बांधला आहे. पार्सल उद्या सकाळी टाकतो. मिळाल्यावर फोन करू नकोस, तेव्हा बैठक चालू असेल. नाही, कर.