डाग दिसला म्हणून गोळी बंद करू नका

महोदय,

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्या, झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. अशा रुग्णाच्या हातावर काळानिळा डाग उठला की घरचे घाबरतात आणि डॉक्टरांना न विचारताच गोळी बंद करतात. स्टेंटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असे केले तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. त्यापुढे तो डाग काहीच नाही.

अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलमुळे प्लेटलेट्स (रक्तातल्या गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म पेशी) एकमेकींना चिकटत नाहीत. अॅस्पिरिनचा परिणाम त्या प्लेटलेट्स जिवंत असेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस, टिकतो. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त दिले जाणारे अॅसिनोकुमारॉल यकृतात तयार होणारे गोठणघटक कमी करतात. त्यामुळे कातडीखालची बारीक केशवाहिनी फुटली की रक्त थोडा जास्त वेळ झिरपते. वयस्कांची कातडी पातळ झालेली असते, म्हणून मनगटाच्या वर आणि हाताच्या मागच्या बाजूला नुसत्या धक्क्यानेही डाग पडतो. तो हिरवट-पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत जात असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवला तरी चालतो.

डाग अचानक वाढले तर मात्र गेल्या आठ-दहा दिवसांत कोणती नवी गोळी सुरू झाली, हे आधी पाहा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेले डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन हे नेहमीचे कारण. पाण्यात विरघळणाऱ्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांत अॅस्पिरिनच असते, तेही हृदयासाठीच्या 75 मिलिग्रॅमच्या चौपटीहून जास्त. अॅसिनोकुमारॉल किंवा वॉरफरिन घेणाऱ्याला जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा बुरशीसाठी फ्लुकोनाझोल सुरू झाले, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) काही दिवसांतच वर जातो. तो साधारण 2 ते 3 दरम्यान आणि काही कृत्रिम झडपांसाठी 2.5 ते 3.5 ठेवायचा असतो. म्हणून अशी औषधे सुरू झाल्यावर तीन-पाच दिवसांत रक्त तपासून घ्यावे. आणखी एक घोळ नेहमी होतो: अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकाच कॅप्सूलमध्ये मिळते, आणि जुनी क्लोपिडोग्रेलची स्ट्रिपही घरात असते. मग दोन्ही पोटात जातात. अॅसिनोकुमारॉल 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येते, त्यामुळे नव्या स्ट्रिपवरचा आकडा दर वेळी वाचावा. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे अॅसिनोकुमारॉल आणि वॉरफरिनचा परिणाम कमी होतो, तरी ती सोडू नये, फक्त आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवावे.

मुका मार लागला की आपल्याकडे तेल चोळतात, गरम शेक देतात. पहिले दोन दिवस हे टाळाच, त्याने झिरपणे वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटे ठेवावा, हात-पाय उंच ठेवावा आणि डागाच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहावी. डाग रेघेबाहेर पसरत राहिला, किंवा जागा कडक होऊन फुगली, तर त्याच दिवशी दाखवावे. रक्त काढल्यावर कोपर दुमडू नये. हात सरळ ठेवून पाच मिनिटे बोटाने दाबावे. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेण्याआधी ही गोळी चालू असल्याचे सांगावे.

डोक्याला मार लागला तर डाग नसला तरी रुग्णालयात जावे. काळी, डांबरासारखी शौच, लाल लघवी, पायांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके यांनाही थांबून चालत नाही. पावसाळ्यात ताप असेल तर विशेष काळजी घ्यावी, कारण डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि वर अॅस्पिरिन चालू असते. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यावे. प्लेटलेट्सची तपासणी लगेच करावी आणि हृदयाची गोळी थांबवायची की नाही, हे त्या आकड्यावरून हृदयरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.

औषध दुकानदारांना आमची विनंती आहे. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकायचे नसतेच, ते आणि तत्सम गोळ्या देताना "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" एवढे विचारा. रुग्णालयांनीही डिस्चार्जच्या कागदावर गोळीचे नाव, मात्रा, ती किती महिने घ्यायची आणि कोणत्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, हे मराठीत लिहून द्यावे.

– दोन औषधनिर्माते, सातारा