मालक तीन, माळ एक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की सोलापूर-नगरच्या माळांवर ठरलेली भांडणं सुरू होतात. फॉरेस्टच्या प्लॉटात मेंढ्या शिरल्या, वनरक्षकानं मेंढ्यांचं खांड (कळप) अडवलं, गायरानात कुणी तार ओढली, पड रानात चारलं म्हणून मारामारी झाली. दंडाची पावती फाटते, बातमी छापून येते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा मेंढक्याला किंवा वनखात्याला दिला जातो. आमच्या मते खरी अडचण जमिनीच्या वाटणीत आहे. करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा या पट्ट्यात माळ कागदावर तुकड्यातुकड्यांचा आहे. वनखात्याचे काही हेक्टर, त्याला लागून दहा-बारा गटांची मालकी पड, मधे गायरानाची पट्टी, पलीकडे परत वन. जागेवर हद्दीचे दगडही धड सापडत नाहीत. तरीही चराईचे निर्णय तीन ठिकाणी, एकमेकांना न विचारता होतात.

याचा परिणाम आकड्यांत मांडतो. समजा शिवारात सलग १०० हेक्टर माळ आहे: ४० हेक्टर वन, ३५ मालकी पड, २५ गायरान. हलक्या मुरमाड जमिनीवर बऱ्या पावसाच्या वर्षी हेक्टरी एक टन वाळलं गवत धरू, म्हणजे १०० टन. त्यातलं निम्मं जमिनीवर राहू दिलं पाहिजे, नाहीतर गवताचे ठोंब मरतात आणि माती उघडी पडते. उरले ५० टन. दख्खनी मेंढी दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा खाते, तेव्हा मध्य ऑक्टोबर ते मध्य एप्रिल या सहा महिन्यांत हा माळ पावणेतीनशे मेंढ्या पोसू शकतो. आता वनाचे ४० हेक्टर बंद करा. उरलेल्या साठावर तेवढ्याच मेंढ्या जानेवारीअखेर गवत संपवतात. ज्वारीची रानं मोकळी व्हायला अजून अवकाश असतो. मग रात्री तार वाकते आणि दिवसा गायरान मुळापासून खरवडलं जातं. बंदीनं चराई थांबत नाही, ती शेजारच्या गटात सरकते.

याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात बहुतेक जमीन खासगी, आणि वनाचे प्लॉट शेतांमध्ये विखुरलेले. एक रेघ ओढून सगळं आत घेतलं. शेतकऱ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षं अडकले, पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं, आणि माळढोक तर जवळजवळ दिसेनासाच झाला. पक्ष्याला लागतं ते गवत. प्लॉटाबाहेरच्या पड रानातलं गवत कुणी, कधी आणि किती चारायचं, याची व्यवस्था त्या रेघेत नव्हती.

हिवरे बाजार, राळेगणसिद्धीच्या चराईबंदीचा दाखला नेहमी दिला जातो. ज्या गावात दारात गाई-म्हशी बांधलेल्या असतात आणि गवत कापून नेता येतं, तिथं ती चालते. ज्याला जमीनच नाही आणि ज्याच्याकडे शे-दीडशे मेंढ्यांचा वाडा (फिरता तळ) आहे, त्याला ती लागू करणं म्हणजे त्याला शेजारच्या गावात हाकलणं.

मग करायचं काय? आधी गवत मोजायचं. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक मीटर लांब-रुंद चौकट घेऊन वन, गायरान आणि पड अशा प्रत्येक भागात दहा ठिकाणी टाकावी. जागा चालता चालता ठरवावी. चांगलं गवत बघून चौकट टाकली की आकडा फुगतो आणि फेब्रुवारीत तोंडघशी पडायची वेळ येते. जमिनीपासून दोन बोटं सोडून कापायचं, वजन उतरायचं थांबेपर्यंत उन्हात वाळवायचं, मग तोलायचं. चौकटीत सरासरी जितके ग्रॅम, त्याच्या दहापट किलो एका हेक्टरात. १०० ग्रॅम आलं तर टनभर. गावरान गाय सहा-सात मेंढ्यांइतकं खाते, हे मोजणीत विसरू नये. बाहेरगावाहून येणारे वाडेही धरावेत. सगळे हिशेब चुकतात ते इथेच.

माळाचे चार भाग पाडावेत, पण ओढा, पाणंद, ताल (बांध) अशा दिसणाऱ्या खुणांवर. गट नंबरांवर पाडलेला भाग मेंढक्याला सांभाळता येत नाही. दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, पूर्ण बंद. चार वर्षांत प्रत्येकाची पाळी येते. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं टिकतात ती याच विश्रांतीवर. सतत तोडल्या गेलेल्या माळावर ही गवतं आधी जातात आणि कुसळी गवताचं राज्य येतं. कुसळी कोवळी असताना, जुलै-ऑगस्टात, मेंढी आवडीनं खाते. फुलोऱ्यानंतर तिची कुसळं लोकरीत अडकतात, कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात. म्हणून ज्या भागात कुसळी जास्त, तो सर्वांत आधी चारायचा. उलट केलं, म्हणजे चांगला भाग आधी संपवून कुसळी ऑक्टोबरला ठेवली, तर गवत असूनही मेंढ्या उपाशी.

सगळ्यांत अवघड जून-जुलै. पहिल्या पावसानंतर चार-पाच आठवडे कोंब मोडू दिला नाही तर वर्षभराचं गवत सुधारतं, पण तेव्हाच मेंढ्यांना जायला जागा नसते. पूर्वी रब्बी ज्वारीसाठी राखलेली काळी रानं खरिपात मोकळी असत, त्यांतल्या तणावर खांडं जगत. आता तिथं उडीद, सोयाबीन, कांदा, पाण्याच्या कडेला ऊस. जी रानं अजून मोकळी राहतात त्यांची यादी मे महिन्यात तयार हवी. शासनाच्या मेंढीपालनाच्या महामेष योजनेत या पावसाळी महिन्यांसाठी चराई अनुदान आहे. ते हातात वेळेवर पडलं तर चारा विकत घेता येईल, दिवाळीत पडलं तर त्याचा माळाला काही उपयोग नाही.

मालकी पडीचा पेच वेगळा. मालक पुण्या-मुंबईत, जमिनीच्या खात्यावर चार भावांची नावं, आणि मनात भीती की चारू दिलं तर उद्या कूळ लागेल, म्हणजे चारणारा जमिनीवर हक्क सांगेल. म्हणून तोंडी 'चार की' म्हणतात आणि वाद झाला की नाकारतात. साध्या कागदावर ग्रामसभेसमोर लिहून घ्यावं: गट नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती मेंढ्या, मोबदला पैशात की रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढ्या बसवण्यात, पिकाच्या नुकसानीची भरपाई कोण देणार, आणि 'ही परवानगी चराईपुरती असून जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होत नाही' हे वाक्य. जाण्यायेण्याची तीस फुटी वाट त्यातच नोंदवावी. एका गटाला तार लागली की मागचे पाच गट तुटतात. फवारणी केली असेल तर मालकानं आधी सांगायचं. अवकाळीनं ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे आले असतील तर ते कमरेएवढे होईपर्यंत खांड तिथं घालायचं नाही. त्यात हायड्रोसायनिक आम्ल असतं, आणि उपाशी मेंढी डॉक्टर येण्याआधीच जाते.

वनखात्याच्या तुकड्यांबाबत कायदा लोक समजतात तितका बंद नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये स्थायिक आणि भटक्या, दोन्ही पशुपालकांचा चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. त्याच कायद्याच्या नियमावलीतल्या नियम १२ नुसार त्यांच्या दाव्याची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतानाच करायची आहे. वाडा बाहेर फिरतीवर असताना पंचनामा उरकला तर तो धरू नये, अशी हरकत ग्रामसभेनं लेखी घ्यावी. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुन्या चराई पावत्या आणि कोंडवाड्याच्या नोंदी इथे कामी येतात. दंडाची पावतीसुद्धा पुरावाच!

वनखात्यालाही एक सांगणं. मुरमाड माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प लावणं थांबवा. झाड खुरटतं, गवत उखडलं जातं आणि रोपांच्या नावाखाली प्लॉट काही वर्षं बंद राहतो. त्याच पैशात मारवेलचे ठोंब लावा. पाणवठा प्लॉटाच्या पोटात बांधू नका, सगळी जनावरं तिथंच गोळा होऊन भोवतालचा माळ उघडा पडतो. हौद गायरान आणि वनाच्या शिवेवर घ्या. उन्हाळ्यात मेंढीला दिवसाला पाच लिटर धरा, दोनशे मेंढ्यांना हजार लिटर. हौदाला एका बाजूनं उतार ठेवला तर चिंकारा, ससेही पितात आणि बुडत नाहीत.

गायराने अतिक्रमणमुक्त करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ चा आहे. त्यानंतरही गायराने कमी होतच आहेत, त्यावर स्वतंत्र पत्र लागेल.

तूर्त मागणी एवढीच. १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन दिवशी ग्रामसभा तशाही बहुतेक गावांत होतात. १ मेच्या सभेत वनरक्षक, गायरानासाठी ग्रामपंचायत, पडीचे मालक आणि वाड्यांचे प्रतिनिधी समोरासमोर बसवून चारही भागांचं वेळापत्रक ठरवावं आणि चावडीवर लावावं. २ ऑक्टोबरला चौकटीचे आकडे वाचून मेंढ्यांची संख्या आणि तारखा दुरुस्त कराव्यात. आकडे कमी आले तर कडबा आणि चाऱ्याची मागणी त्याच दिवशी तहसीलला जावी. फेब्रुवारीत चारा छावणी मागण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आपले,
माळरान चराईच्या कामातील काही वाचक,
जि. सोलापूर