प्रेरणेचं सोडा हो, अडसर कुठून आणता ते विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही रोमँटिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका लेखिकेची अर्धं पान मुलाखत छापलीत. बरं वाटलं वाचून, एरवी आमच्या जमातीला एवढी जागा 14 फेब्रुवारीशिवाय मिळत नाही. पण प्रश्न काय विचारलेत? प्रेरणा कुठून मिळते, स्वतःच्या आयुष्यातलं किती असतं, आणि मिस्टर वाचतात का. बाईंनी पण बिचाऱ्यांनी पाऊस, खिडकी, समुद्र वगैरे उत्तरं दिली. सोबत फोटो, हातात कॉफीचा मग, मागे पुस्तकांचं कपाट, झालं.

मी पण हेच लिहिते. सात वर्षं झाली. टोपणनावाने एका ॲपवर, आठवड्याला दोन भाग, आणि दिवसा एका शाळेच्या ऑफिसात फी भरून घेते. खिडकी आहे माझ्याकडे, पण ती शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या व्हेंटिलेटरसमोर उघडते. आणि समुद्र म्हटला तर इंदूरहून सगळ्यात जवळचा सुद्धा रात्रभराच्या प्रवासावर आहे.

माझी लिहायची वेळ पहाटे पावणेपाच ते कचरागाडी येईपर्यंत. बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगते, 2017 मध्ये आमचं शहर स्वच्छतेत पहिलं आलं तेव्हापासून ही गाडी म्हणजे आमचं घड्याळच होऊन बसलंय. लांबून तिचं गाणं ऐकू आलं की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं आणि ओला-सुका डबा घेऊन खाली पळायचं. अर्धवट सुटलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी बरोब्बर पुढे सरकतं, पूर्ण करून उठलं की दुसऱ्या दिवशी कोरी स्क्रीन बघत बसावं लागतं, हे मला त्या गाडीने शिकवलं. आणि आता प्रेरणाच विचारताय तर ऐका, माझ्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या कथेतली पहिली भेट या गाडीमागेच होते. तो नवीन भाडेकरू, त्याने ओल्या कचऱ्यात चहाचे कागदी कप टाकलेत, गाडीवाला त्याला झापतोय, आणि ही नाईट गाऊनवर ओढणी टाकून उभी राहून हसतेय. गावोगावच्या मुलींच्या कमेंट आल्या की ताई किती रोमँटिक. कचरा, रोमँटिक!

पण भेट लिहिणं हे काही अवघड नाही हो. दोन माणसं कुठेही भेटवता येतात, रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे आमच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर भेटवा नाहीतर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात अकराला एकाच प्लेटमधल्या गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर भेटवा. अवघड आहे ते पुढचं. दोघांना एकमेक आवडलेत, हे वाचणाऱ्याला तिसऱ्या पानावर कळलंय, मग उरलेली दोनशे सत्तर पानं ते लांब का? यालाच मी अडसर म्हणते. आजच्या काळातली प्रेमकथा लिहिणाऱ्याचं निम्मं आयुष्य हा अडसर शोधण्यात जातं आणि तुमच्या मुलाखतीत नेमकं त्याच्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून हे पत्र.

आधीच्या लेखकांना निदान पोस्ट खातं तरी होतं. पत्र उशिरा पोचायचं, भलत्याच्या हाती पडायचं, वडिलांच्या टेबलाच्या खणात महिनाभर पडून राहायचं. तेवढ्यात तिचं लग्न ठरायचं. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची लग्नाआधीची खरीखुरी पत्रं ‘कुसुमानिल’ नावाने पुस्तकात आलीत, मी तीनदा वाचलीत, आणि दरवेळी मला त्यातला मजकूर जितका भिडतो तितकंच दोन पत्रांच्या मधलं ते वाट बघणं भिडतं. (या कुसुमावतीबाई म्हणजे साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा, आणि ते 1961 चं संमेलन आमच्या मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरला झालं. पुण्यामुंबईचे लोक हे विसरतात म्हणून मुद्दाम लिहिलं.)

आता ब्लू टिक आहे. लास्ट सीन आहे. लोकेशन शेअर आहे. मी एकदा नायिकेचा गैरसमज करून दिला, की तिने त्याला दुसऱ्या मुलीबरोबर छप्पन दुकानवर, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, बघितलं आणि न बोलता निघून गेली, तर त्या भागाखाली चाळीस जणींनी मला धारेवर धरलं. फोन का नाही केला? मेसेज टाकायला काय झालं? एकीने लिहिलं, ताई ती बहीण असणार आम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं, तुमची नायिका इंजिनिअर आहे ना मग एवढी बावळट कशी. पटलं मला ते. तीन भाग मागे घेतले, म्हणजे सरळ उडवले, आणि दोन आठवडे काही टाकलंच नाही. जात, पत्रिका, घरच्यांचा विरोध हे अजून आहेच, कोणी सांगत असेल संपलं तर त्याने आमच्या वधू-वर मेळाव्यात येऊन बसावं, पण नोकरी करणारी तीस वर्षांची मुलगी नुसती वडील नाही म्हणाले म्हणून खोलीत रडत बसते हे आता वाचणाऱ्यांना चालत नाही. आणि मला लिहायलाही चालत नाही.

मग अडसर सापडला कुठे तर ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसमध्ये. भाच्याच्या मुंजीला पुण्याला चालले होते, गाडी रात्री सेंधव्याला ढाब्यावर थांबलेली, माझ्या मागच्या बर्थवरची मुलगी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. टिपिकल आपली इंदुरी मुलगी, तोंडाचा पट्टा चालू, आणि मध्येच आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांच्या घरी मी बोलतच नाही गं, काही बोलली की हसून राहतात.” बस. पडदा ओढला आणि मोबाईलमध्ये ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

हे इंदूर-बडोदा-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना समजवायला नको. हिंदीच्या शेजारात वाढलेली आपली मराठी, आपण ‘मी येतेय’च्या जागी “मी येऊन राहिली” म्हणतो, जलेबी म्हणतो, पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला घालतो, आणि पुण्याच्या डायनिंग टेबलावर कोणीतरी फार प्रेमाने सुधारतं, “जिलबी म्हणायचं गं.” वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण माझी सुदामा नगरची नायिका, जी इथे सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात अख्खी टीम बोलबोलून चालवते, ती पुण्याला, कोथरूडला त्याच्या घरी गेली की एकेक शब्द मनात तपासून मग बोलते, मग अर्धंच बोलते, मग नुसतीच मान हलवते, आणि तो बिचारा समजतो हिला माझ्या घरात इंटरेस्टच नाही. आता करा फोन! फोनने उलट जास्तच बिघडतं कारण ती त्याला मराठीत टाईप करणंच बंद करते, हिंदीत लिहायला लागते, आणि त्याला वाटतं ही लांब चालली. ब्लू टिक दोन्हीकडे आहे, तरी निरोप पोचत नाहीये. छत्तीस भाग चालली ती कथा, आणि एकीनेही विचारलं नाही की फोन का नाही केला.

ती मुलगी कोण, तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही, सकाळी ती वाकडला उतरली. तोंड सुद्धा नीट दिसलं नाही.

आमच्या लिखाणाला हलकं म्हणतात त्याबद्दल जास्त बोलत नाही, ते सगळ्या देशांत चालतं. ब्रिटनमध्ये प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी 1960 मध्येच स्वतःची संघटना काढली, ती अजून चालू आहे. मिल्स अँड बून ही प्रेमकथा छापणारी इंग्रजी कंपनी 1908 ची, शंभर वर्षांनी भारतात ऑफिस थाटून बसली, म्हणजे वाचणारे होतेच ना. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी कादंबरी कशी रचायची याच्यावर ‘प्रतिभासाधन’ हे अख्खं पुस्तक लिहिलं, नोकरी तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची, आणि लोक लक्षात ठेवतात ते त्यांच्या नायिकांच्या साड्या! 2001 मध्ये इंदूरला संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, मी तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर मदतीला होते. माझ्या आईच्या वयाची एक बाई दोन प्रेमकथा घेऊन वर एक जाडजूड चरित्र ठेवून बिल करून गेली, आणि संध्याकाळी चरित्र बदलून मिळेल का विचारायला आली. कशाच्या बदल्यात, ते तुम्ही ओळखलंच असेल.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल पण विचारायला हवं होतं. बार्बरा कार्टलंड म्हणून इंग्लंडच्या बाई होत्या, सातशेच्या वर कादंबऱ्या, त्या सोफ्यावर पडून सेक्रेटरीला सांगायच्या आणि ती उतरवून घ्यायची. माझी सेक्रेटरी म्हणजे मोबाईलचं माईक. मान दुखायला लागल्यापासून मी स्वयंपाक करता करता बोलून टाईप करते. मागच्या पावसाळ्यात एक अत्यंत हळवा प्रसंग, गच्चीवर, तो पहिल्यांदा तिचा हात हातात घेतो, मी गॅसपाशी उभी राहून बोलत होते आणि घाईत न तपासता भाग टाकून दिला. छापून आलं ते असं: “त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि अहो दूध उतू गेलं बंद करा.” रात्री बघितलं तेव्हा तीनशे जणांनी वाचून झालेलं. काढून टाकणार होते, तर कमेंटमध्ये एका काकूंनी लिहिलं होतं की ताई शेवटी तुम्ही संसार आणलातच, काय प्रतीक आहे! ठेवलं मग तसंच. मिस्टर वाचतात का याचं उत्तर पण त्यातच आलं, त्यांनी गॅस बंद केला, कथा अजून वाचलेली नाही.

पैशांचं पण कोणी विचारत नाही. ॲपवरून महिन्याला जे येतं त्यात वायफायचं बिल आणि एखाद्या रविवारचे पोहे-जलेबी निघतात. पुस्तक काढावं म्हणून एका प्रकाशकांकडे गेले होते, त्यांनी हस्तलिखित न उघडताच खर्चाचा आकडा सांगितला, म्हणजे मी त्यांना द्यायचा. वर म्हणाले, कव्हरवर समुद्र टाकू. मी हस्तलिखित परत पिशवीत घातलं.

तर पुढच्या वेळी अशी मुलाखत घ्याल तेव्हा एवढंच विचारा की तुमच्या नायक-नायिकेच्या मध्ये काय उभं आहे आणि ते तुम्हाला कुठे सापडलं. त्या बाईंकडे उत्तर असणार, त्यांच्या कादंबऱ्या मी वाचल्यात, त्या समुद्राच्या जोरावर लिहिलेल्या नाहीत. मला स्वतःला ते त्यांच्याकडून ऐकायचंय कारण नव्या कथेत मी नवव्या भागाला अडकलेय, दोघंही घटस्फोटित, दोघांचेही आईवडील खूश, दोघं एकाच कॉलनीत राहतात, आणि त्यांनी उद्या लग्न का करू नये याचं एकही कारण मला तीन आठवडे सापडत नाहीये.

पत्र छापलंत तर नाव टाकू नका प्लीज. शाळेत फी भरायला येणाऱ्या निम्म्या आया माझ्या वाचक आहेत, त्यांना माहीत नाही, आणि खिडकीपाशी रांगेत उभ्या राहून त्या जे एकमेकींशी बोलतात ते मला अजून बरीच वर्षं ऐकायचंय.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर